फाटक जसं सापडलं तसं

...आणि वर मलाच विचारायचे, "बाई, ते बारकं फाटक उघडं का?" अहो, उघडं आहे कारण ते उघडं आहे! आता याच्यापुढे काय सांगायचं? आभाळ वर का, पाणी ओलं का, आमच्या ह्यांना एक काम सांगितलं की नेमकी तेव्हाच कंबर का धरते... असलं कुणी विचारतं का? नाही ना? मग माझ्याच फाटकावर साऱ्या जगाचा डोळा का? जनावरांचा डॉक्टर यायचा तो विचारायचा, चाऱ्याचा ट्रकवाला यायचा तो विचारायचा, रस्ता चुकलेला एखादा, ज्याला स्वतःला आपण कुठे आलोय हे ठाऊक नाही, तोसुद्धा गाडीची काच खाली करून म्हणायचा, "मावशी, तुमचं फाटक उघडं राहिलंय हो!" राहिलं नाही रे बाबा, ठेवलंय! आणि तू आधी तुझा रस्ता शोध!

तुम्हाला सांगते, कुरण राखणं म्हणजे काय असतं ते राखणाऱ्यालाच ठाऊक. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? हिरवंगार गवत, त्यात गाई, दोन घोडी, वर पांढरे ढग... "अहाहा! काय सुख आहे हो तुमचं!" सुख! या की आत, दाखवते सुख. सकाळी उठून पाण्याचा हौद बघायला जावं, तर त्यातला तो तरंगता गोळा अडकलेला, नळ चालूच, पाणी वाहून चिखल, चिखलात वासरू, वासरामागे त्याची आई, आणि आईच्या मागे मी, गुडघ्याएवढ्या राडीत! बरं, पाणी कमी येतंय म्हणून वर बघावं, तर पवनचक्कीचं पातं कुरकुरतंय, त्याला तेल द्यावं म्हणून शिडी घ्यावी तर शिडीची पायरी मोडलेली, पायरीला खिळे आणायला गोठ्यात जावं तर गोठ्याचा पत्रा वाऱ्याने उचललेला... म्हणजे निघाले होते गोळा सोडवायला, आणि भर दुपारी मी छपरावर, हातात हातोडी, तोंडात खिळे, आणि मला आठवेना की मी इथे आले कशाला! खालून आमचे हे विचारतात, "अगं, वर काय करतेस?" तोंडात खिळे म्हणून वाचले, नाहीतर उत्तर दिलं असतं.

आणि कुंपण! कुंपणाचं तर नावच काढू नका. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. तार ताणत, खांब ठोकत सगळ्या कुरणाला वळसा घालून यावं, हुश्श करून कमरेवर हात ठेवावा, तर जिथून निघालो होतो तोच खांब बुडाशी कुजून तुमच्याकडे बघून मान डोलावतोय... "आलात? या, मी वाटच बघत होतो!" लोक म्हणतात, कुंपणच शेत खातं. शेत खाऊ दे हो, आमचं कुंपण माणसं खातं. आमच्या ह्यांचे दोन्ही गुडघे त्याने खाल्ले, आता कंबर चाखून बघतंय.

पण एवढ्या सगळ्या रगाड्यात आमच्याकडे नियम एकच. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला. मी या घरात आले तेव्हा मला ना दागिने दाखवले, ना कपाटाच्या किल्ल्या दिल्या. फाटकापाशी नेलं आणि सांगितलं, "पोरी, लक्षात ठेव. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. फाटकापाशी स्वतःची अक्कल चालवायची नाही." मी तेव्हा मनात म्हटलं, यात काय एवढं? पण ते तसं नसतं हो! फाटक उघडं असतं ते कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं. गाई पलीकडे चरताहेत आणि पाणी अलीकडे, म्हणून उघडं. तुम्ही चांगुलपणाने लावून घेतलंत, की झालं! ह्यांचा एक मावसभाऊ आला होता शहरातून. फार सभ्य माणूस! स्वतःची शिंक ऐकून स्वतःच माफी मागणारा. सकाळी फेरफटका मारून आला तो काही बोलला नाही, दुपारी झोपला, आणि अंधार पडताना जेवायला बसल्यावर सांगतो कसा, (असा मान वाकडी करून) "वहिनी, त्या टोकाचं एक फाटक उघडंच होतं हं. मी घेतलं लावून!" अहो, भर उन्हाळा! अख्खा कळप दिवसभर फाटकाला नाकं लावून उभा, समोर पाणी दिसतंय आणि जाता येत नाहीये! आम्ही ताटावरून उठून धावलो. तो मागून म्हणतोय, "काही चुकलं का?" नाही नाही, तुम्ही बसा, भाजी घ्या!

त्या दिवशी सासरे म्हणाले होते, "पाहुणा कसा ओळखायचा ठाऊक आहे? फाटकाशी आला की थांबतो आणि विचारतो, बंद करू का? आणि हा तर न विचारता करणारा, म्हणजे दीड पाहुणा!" आम्ही हसलो. आता हसू येत नाही, ते पुढे सांगते.

तर असा हा नियम. नोकर पाळतात, शेजारी पाळतात, डॉक्टर पाळतो. न पाळणारी एकच, ती माझ्याच पोटी जन्मली! एकुलती एक. नाव चांगलं ठेवलं होतं, पण हाक भिंगरीच. पायाला चाकं घेऊनच आली होती. काळ्या घोडीवर बसायची, डोक्यावर ती मोठ्या काठाची गवती टोपी, आणि सुटायची! फाटक बंद असो, कडी असो, साखळी असो, उघडायची आणि तशीच टाकून पुढे. मी हौदापाशी, मी छपरावर, मी गोठ्यात, जिथे असेन तिथून बोंब मारायची, "फाटऽऽऽक!" आणि तिकडून, मान सुद्धा न वळवता, टोपी हलवत उत्तर यायचं, "आलेऽऽऽ परत!" म्हणजे काय, तर मी आत्ता परत येणार, मग लावायचं कशाला? पुन्हा उघडायलाच लागणार ना! तर्क बघा कार्टीचा! समोर उभी करून शिकवलं हो मी तिला. "हे बघ, साखळीचे दोन वेढे, मग कडी, आणि वर एकदा हलवून बघायचं, लागलंय की नाही." तर मला म्हणते, "आई, दोन वेढे घालेपर्यंत मी जाऊन परत येते." आणि खरंच यायची! धूळ उडवत यायची, घोडीला घाम, हिला घाम, आणि आल्या आल्या, "आई, खायला काय आहे?" काय असणार? माझं डोकं!

त्या एका शब्दाने माझा घसा बसला. रोजचंच. "फाटऽऽऽक!" "आलेऽऽऽ परत!" कावळे सुद्धा पाठ म्हणायचे.

मग एक दिवस निघाली. शहरात नोकरी लागली म्हणून. लागली तर लागली, चांगलंच आहे, मी काय रडले नाही... म्हणजे त्या दिवशी गोठ्यात धूळ फार होती, ते सोडा. मोठ्या फाटकातून गाडीने सोडतो म्हणत होते हे, पण नको म्हणाली, बारक्या फाटकातून पायवाटेने गेलं की बसचा थांबा जवळ पडतो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बॅग, काखेत ह्यांनी दिलेलं मधाचं भांडं. खांद्याने ढकलून फाटक उघडलं आणि चालू लागली. आता एवढी मोठी झालेली, नोकरीला चाललेली पोर... पण माझ्या जिभेला कोण सांगणार? सुटलीच, "फाटऽऽऽक!" आणि तिनेही हात मोकळा नाही म्हणून नुसती मान वर केली आणि ओरडली, "आलेऽऽऽ परत!"

बस. तेव्हापासून ते फाटक उघडं. आता सांगा, मी ते बंद करायचं? फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं!

त्या वेळची वासरं आता गाई झाल्यात.

बरं, उघडं फाटक म्हणजे नुसतं उघडं फाटक नसतं, त्यातून माझा जीव जायचा रोज! आमच्यात एक तांबडी गाय आहे, तिला आम्ही 'पाहुणी' म्हणतो, कारण ही स्वतःच्या घरी कधी जेवली नाही. इथे कमरेएवढं गवत, तिला गोड लागत नाही. बारक्या फाटकातून निघायचं, पायवाटेने डुलत डुलत जायचं, आणि पलीकडच्या दाढीवाल्यांच्या लसूणघासात तोंड घालायचं! मग मी निघणार काठी घेऊन. जाताना शिव्या, येताना शिव्या, मध्ये दाढीवाले. ते भांडत नाहीत हो, तीच तर पंचाईत! भांडणाऱ्याला मी पुरून उरते. हे गोड बोलतात. दाढी कुरवाळत, "ताई, रागावू नका हं... गायीचं काही नाही, मुकं जनावर... पण तुमचं ते फाटक..." मी म्हटलं, "फाटकाचं काय?" "नाही, म्हणजे... तुमचेही आता दिवस दमायचेच. दादांचे गुडघे असे. तुम्हा दोघांच्या मागे हे सगळं बघणार कोण? ओढ्याकडचं कुरण मी सांभाळतो म्हणतोय, तुमचा भार हलका..."

बघा! गाय माझी गेली होती चरायला आणि हा माझं कुरण चरायला बसलाय!

म्हटलं, "बघणारी आहे आमची. ती येणारच आहे परत."

"अरे वा! केव्हा?"

"केव्हा म्हणजे? फाटक उघडं ठेवून गेलीये ती!"

त्यांना काही कळलं नाही. दाढीतच बोटं अडकली. कळायला फाटकाची माणसं लागतात.

आणि एकदा तर या पाहुणीने कहर केला. पहाटेचं दव असलेला ओला कच्चा लसूणघास इतका खाल्ला, इतका खाल्ला, की पोट फुगून नगारा! डावी कूस अशी वर आलेली, टिचकी मारली तर वाजतेय. डॉक्टर आला धावत, नळी घातली, मी तिचा जबडा धरून बाटलीने तेल पाजतेय, हे शेपटीकडे उभे राहून सूचना देताहेत, तेल गाईच्या पोटात कमी आणि माझ्या अंगावर जास्त, आणि एकदाची ती सगळी हवा सुटली... कुठून कशी सुटली ते विचारू नका, हे शेपटीकडे होते एवढंच सांगते. गाय उठली, अंग झटकलं, आणि जसं काही झालंच नाही अशी परत फाटकाच्या दिशेने निघाली! डॉक्टर हात धूत म्हणतो, "बाई, आज वाचली. पुढच्या वेळी मी वेळेवर येईनच असं नाही. ते फाटक बंद करा. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट! म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही गाईचं बघा. फाटकाला पोटफुगी झालेली नाही."

पण त्या दिवशी ह्यांचं डोकं फिरलं. एरवी माणूस असा, की घराला आग लागली तर म्हणेल, "अगं, जरा उकडतंय का गं?" पण तरातरा गेले फाटकापाशी, साखळी उचलली. मी मागोमाग. म्हटलं, "हात लावायचा नाही!"

"अगं, जनावर मेलं असतं!"

"मी लक्ष ठेवेन जनावरावर."

"कुठवर?"

हे साखळी हातात घेऊन उभे. मग त्यांनीच ती हळूच खांबाला अडकवून ठेवली, जणू वाळत घातली, आणि खिशातून ग्रीसची डबी काढून बिजागरीला बोट लावायला लागले. मी म्हटलं, "उघड्या फाटकाला ग्रीस कशाला?" तर म्हणतात, "उघडं असलं म्हणून काय झालं, गंज काय बघून धरतो?" नंतर माझ्या लक्षात आलं, ती डबी त्यांच्या खिशात रोजच असते. मला नावं ठेवणार आणि स्वतः बिजागऱ्या मऊ ठेवणार! चोर!

मग वाऱ्याचं सुरू झालं. ग्रीस लावलं की फाटक हलकं होणारच. एका सकाळी बघते तर बंद! वाऱ्याने ढकललेलं. आणि हे, एवढे शहाणे, मागून येऊन म्हणतात, "हं... आज बंद सापडलं. आता? नियम काय म्हणतो?"

"नियम माणसांना आहे. वारा काय आपल्या घरचा आहे?" आणि उघडलं मी ते सरळ.

दुसऱ्या दिवशी बघते तर फाटकाच्या बुडाशी एक दगड लावलेला. गोल, मोठा, ओढ्यातला. वारा काय, वादळ आलं तरी हलणार नाही असा. मी काही तो आणला नव्हता. माझे गुडघे चांगले आहेत, पण असला धोंडा ओढ्यावरून वर आणायचा म्हणजे... आणि त्या संध्याकाळी ह्यांचे गुडघे असे काही सुजले होते की बस! मी शेकून दिले. विचारलं, "कशाने सुजले हो?" म्हणाले, "थंडीने." उन्हाळा होता.

ती फोन करायची अधूनमधून. करते अजून. भराभर बोलते, जशी घोडीवर बसलीये. "हो गं आई, हो, जेवते, हो, झोपते, येते, पुढच्या महिन्यात नक्की, आई, काळी कशी आहे?" मी म्हणते, "तुझी काळी? खाते, उभ्या उभ्या झोपते, काम सांगितलं की लंगडते. तुझ्या बापावर गेलीये." ती हसते. हसली की क्षणभर थांबते, तेवढाच फोन खरा. फाटकाचं मी कधी तिला सांगितलं नाही. ते काय सांगायचं असतं? तिचं खोगीर मात्र मी तेल लावून ठेवते, नाहीतर चामड्याला भेगा जातात. टोपी तेव्हा खुंटीवरच असायची, झटकायचे अधूनमधून. म्हणजे माया बिया काही नाही, धूळ बसते म्हणून.

आणि मग आली की हो! खरोखर आली! आधी फोन करून सांगितलं, चार दिवस राहणार. ह्यांनी दाढी केली. मी गोठा झाडला, हौद घासला, पवनचक्कीला तेल दिलं, खोगीर असं पुसलं की त्यात तोंड दिसावं. आणि बारक्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले, पाहुणीला सांगत, "आज तरी घरी जेव. पोर येतेय." बसमधून उतरली, पायवाटेने आली, आणि उघड्या फाटकातून आत आली. सरळ. थांबली नाही, बघितलं नाही, माझ्या गळ्यातच पडली. मी म्हटलं, बघा! ज्याच्यासाठी उघडं ठेवलं तो उघड्यातूनच येतो, त्याला कळतसुद्धा नाही!

चार दिवस... काय सांगू तुम्हाला! काळी घोडी, जी पाय ओढत होती, ती तिला बघून कान टवकारून खिंकाळली, आणि टोपी घालून दोघी जणी ओढ्याकडे अशा सुटल्या की मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, जाऊ दे. हौदातला तो गोळा, ज्याने माझी अर्धी हयात खाल्ली, तो तिने वायसर बदलून सरळ केला. बापाबरोबर कुंपणाला गेली. तार ताणताना हे म्हणतात, "तुझ्या हाताला अजून जोर आहे गं," आणि लगेच माझ्याकडे बघतात. मी लगेच दुसरीकडे. दाढीवाले आले होते, त्यांना मी मुद्दाम चहा दिला. "बघा, आली की नाही?" असं तोंडाने नाही म्हटलं, बशी अशी जोरात ठेवली, त्यात सगळं आलं.

शेवटच्या संध्याकाळी पायरीवर बसलो होतो तिघं. म्हणाली, "आई, बाबा... मला तिथे नोकरीत कायम केलंय. आणि घरही मिळालंय. छोटंच आहे. पण खिडकीतून झाड दिसतं."

मी म्हटलं, "किती?"

"काय किती?"

"झाडं."

"एकच गं."

समोर ओढ्यापर्यंत नुसती झाडंच झाडं उभी होती. मग पोर म्हणाली, "तुम्ही दोघं या ना तिकडे. इथलं आता झेपत नाही तुम्हाला. मला दिसतं ना." मी म्हटलं, "आणि कुंपण कोण बघणार?" तर हळूच म्हणाली, "आई, ते दाढीवाले काका विचारत होते म्हणे..." मी उठले. म्हटलं, दूध उतू जाईल. दूध चुलीवर नव्हतंच.

सकाळी निघाली. मी फाटकापर्यंत गेले नाही. हौदापाशी काम होतं मला. काय काम होतं? गोळा तर तिनेच दुरुस्त केला होता! तरी मी तो वर-खाली करत उभी. हे तिची बॅग घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि गुडघे धरून थांबले. ती पुढे गेली. फाटकातून बाहेर पडली. आणि थांबली.

वळली. हात तोंडाशी धरून, एवढ्या लांबून, ओरडली.

"आईऽऽऽ! बंद करू काऽऽऽ?"

अहो, तुम्हाला सांगते... त्या माझ्या सासऱ्यांचा आवाज माझ्या कानात वाजला. फाटकाशी थांबतो आणि विचारतो, तो कोण? माझी पोर मला विचारते, बंद करू का! जिने जन्मात विचारलं नाही! आणि मला म्हणायचं होतं, "नको! राहू दे! असू दे तसंच!" एवढं सगळं मनात तयार होतं हो, तोंड उघडलं, श्वास भरून घेतला... आणि मेली जीभ! जिला आयुष्यभर एकच वळण! बाहेर काय पडावं?

"फाटऽऽऽक!"

तिला काय वाटणार? आई सांगतेय, लाव! तिने वाकून तो धोंडा बाजूला ढकलला. चांगली ताकद लावून ढकलला, मी म्हणते ना, जोर आहे हाताला. फाटक ओढलं, ग्रीस लावलेलं, आवाज सुद्धा नाही. साखळीचा एक वेढा. दुसरा वेढा. कडी. आणि वर एकदा हलवून बघितलं, लागलंय की नाही.

एवढी वर्षं घसा फोडून शिकवलं, ते त्या दिवशी तिला आलं! एक चूक नाही! आणि तिकडून हात हलवत, मोठ्या आनंदाने, जशी काही पहिला नंबर आलाय...

"लावलंऽऽऽ गं आई!"

मी पण हात हलवला. काय करणार? चांगलंच लावलं होतं.

आता दाढीवाल्यांचा जीव शांत झालाय. परवा मुद्दाम येऊन सांगून गेले, "ताई, फाटक बंद केलंत, फार बरं झालं!" मी म्हटलं, "मी नाही केलं. बंद सापडलं." डॉक्टरही खूश. पाहुणी गाय मात्र रोज सकाळी जाऊन फाटकाला नाक लावून उभी राहते आणि माझ्याकडे बघते. मी सांगते तिला, माझ्याकडे बघू नकोस बाई, माझ्या हातात काही नाही, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं! मग दोघी जरा वेळ उभ्या राहतो. तिला घाई नसते, मलाही आता कसली घाई?

पण गोष्ट इथे संपली असती तर मी एवढी कातावले असते का? आमचे हे! दुसऱ्याच दिवशी तो धोंडा ढकलत ढकलत घरी घेऊन आले. म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "पडला होता. दगड चांगला आहे." आणि ठेवला तो कुठे? घराच्या दाराला! उघड्या दाराला टेकवून! सकाळी उठून बघते तर दार सताड, आणि हे आपले चहा पिताहेत, जसे त्या गावचेच नाहीत. मी दाराला हात लावणार, तर कपातूनच म्हणतात, "अं हं. सापडलं तसं ठेवायचं."

माझाच नियम, माझ्याच डोक्यावर! मग काय, राहिलं उघडं. वारा आत, पाला आत, धूळ आत, आणि कोंबड्या, कोंबड्या तर अशा येतात जशा भाडं भरून राहताहेत! ओट्याखाली एक, खाटेवर एक. आणि ती टोपी... पोरीने जाताना खुंटीला लावली का? नाही! दाराजवळच्या स्टुलावर उलटी टाकून गेली, तिची सवयच ती. मी उचलणार होते. पण सापडली उलटी, म्हणून ठेवली उलटी. तर काल बघते, त्यात पांढरी कोंबडी बसलीये! खुडूक! पोटाखाली अंडी! मी हुसकायला हात पुढे केला, तर मेलीने अशी चोच उगारली, असे डोळे केले, जसं काही घर तिचं आणि मीच पाहुणी!

हात मागे घेतला मी. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत दार उघडं, टोपी उलटी, आणि आम्ही दोघं आपल्याच घरात पाय न वाजवता चालतोय... तुम्ही याल ना कधी, तर सरळ आत या. फक्त एवढं करा, दारात थांबून विचारू नका.